जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यात रास्पबेरी टाकला आणि तो मध्येच रीस्टार्ट होतोय? सॉफ्टवेअर सोडा, आधी व्होल्टेज मोजा

हा प्रॉब्लेम इतक्या वेळा समोर येऊन राहिलाय की म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकावं. केस साधारण अशी असते: लहानपणीचा तो ९ व्होल्टवाला टीव्ही गेम, ज्यात कॅसेट घालून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळायचो, तो माळ्यावरून काढला, आतलं मेलेलं सर्किट उपटलं, रास्पबेरी पाय ३ बी (तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड) बसवला, रेट्रोपाय किंवा बाटोसेरा (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, दोन-चार दिवस मजेत गेले आणि मग एक दिवस गेमच्या ऐन मध्यात स्क्रीन काळी होऊन पहिल्यापासून बूट सुरू. नंतर हे रोजचंच होतं. मग कधी आवाज फाटतो, कधी पॅड (हातातला कंट्रोलर) आपोआप डिस्कनेक्ट होतो, आणि शेवटी एक दिवस बूटच होत नाही कारण मेमरी कार्ड खराब झालेलं असतं.

आणि यावर जवळजवळ प्रत्येक जण काय करतो तर इमेज (म्हणजे कार्डावरचं सगळं सॉफ्टवेअर) परत फ्लॅश करतो. मग दुसरी इमेज, मग एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) बदल, मग नवीन कार्ड. नवीन कार्डावर दोन दिवस बरं चालतं (कारण तोवर फक्त मारिओच खेळून झालेला असतो) आणि पुन्हा तेच. भिया, भिंतीच्या प्लगपासून बोर्डापर्यंत करंट ज्या रस्त्याने येतो तो रस्ता तपासल्याशिवाय सॉफ्टवेअरला हात लावू नका. जुन्या डब्यात बनवलेल्या मशीनमध्ये तर नाहीच नाही, कारण तिथे तो रस्ता ९५-९६ सालच्या मालाने बनलेला असतो.

आधी खात्री करून घ्या. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते का? ती दिसली म्हणजे बोर्डावरचं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं. पाय ३ बी वर लाल दिवासुद्धा हेच सांगतो, व्होल्टेज पडलं की तो विझतो किंवा मिचमिचतो, पण डबा बंद केल्यावर तो कुणाला दिसणार. आता नेटवर एक 'उपाय' फिरतो की कॉन्फिग फाईलमध्ये अव्हॉइड वॉर्निंग्जची ओळ (avoid_warnings=1) टाका म्हणजे वीज दिसायची बंद होते. होते, दिसायची बंद होते, पण पडायची नाही. आणि त्या ओळीत १ च्या ऐवजी २ टाकलं तर अजून वाईट, कारण मग कमी व्होल्टेजवरही प्रोसेसर पूर्ण स्पीडने पळायला मोकळा होतो. ती ओळ टाकली असेल तर आधी काढा.

मग टर्मिनल उघडून 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड द्या (टाईप अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांतच करायची: vcgencmd get_throttled). उत्तरात शून्य-एक्सच्या पुढे एक आकडा येतो. नुसता ० आला तर बूट झाल्यापासून सगळं ठीक आहे. ५०००० आला तर आत्ता ठीक पण मधे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. ५०००५ आला तर या क्षणालाही पडलेलंच आहे. बाकी बरीच कॉम्बिनेशन्स येतात, सगळी पाठ करायची गरज नाही, पाच अंकी उत्तरातला पहिला अंक विषम असेल तर व्होल्टेजचा दोष नक्की आहे. ८०००० किंवा ई०००८ असलं काही आलं तर ती गरमी आहे, त्याचं खाली सांगतो. एकच लक्षात ठेवा, रीस्टार्ट झाल्यावर ही नोंद पुसली जाते, म्हणून कमांड गेम बंद केल्या केल्या द्यायची, मशीन स्वतःहून रीबूट व्हायच्या आधी. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने लॉगिन करून ठेवलं आणि इकडे गेम चालू असताना तिकडे कमांड मारत बसलात तर सगळ्यात बेस्ट.

"पण मारिओ तर चालतो ना!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. चालणारच. १९८३ च्या फॅमिकॉमचं (निन्टेन्डोचा मूळ जपानी गेम, आपल्या टीव्ही गेम ज्याच्या नकला) सोंग आणायला या बोर्डाला फारसा जोर लागत नाही, चारातला एक कोर आरामात पुरतो. प्लेस्टेशन किंवा निन्टेन्डो ६४ चा गेम लावा, दोन पॅड जोडा, वायफाय चालू ठेवा, मग बघा. करंट वाढला की व्होल्टेज पडतं, पडलं की १२०० मेगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर स्वतःला ६०० वर आणतो, त्यामुळे आवाज फाटतो आणि गेम रखडतो, अजून पडलं की यूएसबीवाले पॅड सुटतात, त्याहून पडलं की सरळ रीबूट. म्हणजे आवाज, पॅड आणि रीबूट हे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम समजून जे लोक तीन वेगवेगळे उपाय करत बसतात त्यांचा प्रॉब्लेम बहुतेक वेळा एकच असतो.

आता रस्ता बघू. जुन्या डब्यात तीन जागा बदनाम आहेत.

पहिली म्हणजे जुना ॲडॉप्टर आणि त्याच्या मागे बसलेला ७८०५. मूळ गेममध्ये ९ व्होल्टचा जड ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॉप्टर यायचा, आत पत्र्याला स्क्रूने लावलेला ७८०५ रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करायचा. कल्पना अशी सुचते की अरे, ५ व्होल्ट तर तयारच आहेत, तिथूनच रास्पबेरीला वायर मारू. दिसायला सुंदर, जुनी पिन, जुना स्विच, सगळं ओरिजिनल. पण ७८०५ हा लिनिअर रेग्युलेटर आहे, म्हणजे जितका करंट बाहेर जातो तितकाच आत यायला लागतो, वरचे व्होल्ट तो नुसते गरमीत उडवतो. ॲडॉप्टरवर ५०० मिलीॲम्पिअर लिहिलं असेल तर बाहेर ५०० मिलीॲम्पिअरच मिळणार. पाय ३ बी ला ५.१ व्होल्ट आणि २.५ ॲम्पिअरची सप्लाय सांगितलेली आहे. बरं, एक ॲम्पिअर जरी ओढला तरी ९ वजा ५ म्हणजे ४ व्होल्ट गुणिले १, चार वॅट नुसती उष्णता, तीही बंद प्लास्टिकच्या डब्यात. शिवाय ७८०५ ला इनपुट साधारण ७ व्होल्टच्या वर लागतं आणि ते जुने ट्रान्सफॉर्मर लोड आला की स्वतःच खाली बसतात. हा रस्ता दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, काढून टाका.

याच पिनेबद्दल अजून एक, कारण यात बोर्ड जळालेले आहेत. फॅमिकॉम आणि त्याच्या बऱ्याच नकलांच्या ॲडॉप्टरची पिन मधून निगेटिव्ह असते, आजकालच्या बहुतेक ॲडॉप्टरची मधून पॉझिटिव्ह. नवीन १२ व्होल्टचा ॲडॉप्टर जुन्या सॉकेटमध्ये बसतो म्हणून खोचायचा नसतो, आधी मीटर लावायचा. आणि कुणाच्या काकांनी अमेरिकेहून आणलेला खरा एनईएस (फॅमिकॉमचा अमेरिकन अवतार) असेल तर त्याचा ॲडॉप्टर तर डीसी नाहीच, ९ व्होल्ट एसी देतो, आणि वर तो १२० व्होल्टच्या लाईनसाठी बनलेला असतो, आपल्या २३० वर लावला की संपला.

दुसरी जागा म्हणजे समोरचा सरकणारा पॉवर स्विच. लोकांचा जीव त्यातच अडकलेला असतो, आणि खरं सांगायचं तर माझाही, तो 'खट्' आवाज आल्याशिवाय गेम चालू झाल्यासारखं वाटत नाही. पण त्याचे आतले पत्रे काळे पडलेले असतात आणि तो कधीच इतक्या करंटसाठी बनलेला नव्हता. मोजायचं कसं तर गेम चालू असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक स्विचच्या अलीकडच्या पिनेवर आणि दुसरं पलीकडच्या पिनेवर लावायचं. चांगला स्विच जवळजवळ शून्य दाखवतो. ०.१ च्या वर काही दिसलं की त्या स्विचमधून मेन करंट नेणं बंद करा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काही दिवस सुधारतो, मग परत तेच.

तिसरी जागा केबल, आणि इथे नवीन मालवालेसुद्धा फसतात. आपल्या इंदूरच्या जेल रोडवर किंवा कुठेही मिळणारी साधी चार्जिंग केबल घ्या, आतली पॉवरची तार २८ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) निघाली तर तिचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ०.२१ ओहम. केबल दीड मीटर, करंट जाऊन परत येणार म्हणजे तीन मीटर तांबं, झाले ०.६४ ओहम. एक ॲम्पिअरला ०.६४ व्होल्ट रस्त्यातच गेले, ॲडॉप्टरने ५.१ दिले तरी बोर्डाला ४.४६ पोचले आणि वीज चमकली. हीच केबल २० गेजची असेल तर नुकसान ०.१ व्होल्ट. आपल्याकडे नर्मदेचं पाणी आलं की खालच्या नळाला जोर असतो आणि तिसऱ्या मजल्यावर धार बारीक होते, तसंच आहे हे, टाकीपाशी उभं राहून प्रेशर बघून उपयोग नाही. केबलच्या अंगावर बारीक अक्षरात गेज छापलेलं असतं, बऱ्याचदा २८ आणि २४ असे दोन आकडे असतात, त्यातला २८ डेटाच्या तारांचा आणि २४ पॉवरचा. काहीच छापलेलं नसेल तर संशय घ्या.

चार्जरबद्दलही एक भ्रम आहे, "माझा चार्जर ६५ वॅटचा आहे, कमी कसा पडेल". ते जास्तीचे वॅट ९, १५, २० असल्या वरच्या व्होल्टवर मिळतात, मोबाईल आणि लॅपटॉप ते मागून घेतात, पाय ३ असलं काही मागत नाही, त्याला फक्त ५ व्होल्टची ओळ मिळते. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा, ५ व्होल्टपुढे किती ॲम्पिअर लिहिलेत तेवढंच तुमचं. पाय ४ असेल तर ५.१ व्होल्ट ३ ॲम्पिअर लागतात, आणि २०१९ च्या सुरुवातीच्या पाय ४ बोर्डांत टाईप-सी पोर्टची एक चूक होती ज्यामुळे काही महागड्या चिपवाल्या केबलींवर बोर्ड चालूच होत नाही, तिथे साधी केबल लावली की चालतो. तो वेगळा आजार, पण लोक तोही याच यादीत घालतात.

आता निदान. सगळ्यात आधी बोर्ड डब्यातून बाहेर काढा, टेबलावर ठेवा, कुणाकडून तरी रास्पबेरीचा असली ॲडॉप्टर मागून आणा (ज्याची केबल ॲडॉप्टरलाच जोडलेली असते, सुटी नसते), तेच कार्ड, तोच गेम, तेच पॅड लावून अर्धा-पाऊण तास खेळा आणि मग वरची कमांड द्या. शून्य आलं आणि रीबूटही झालं नाही तर कार्ड, इमेज, एम्युलेटर, बोर्ड सगळे निर्दोष सुटले आणि गुन्हेगार डब्यातच आहे. या एका टेस्टने जितका वेळ वाचतो तितका कशानेच वाचत नाही, आणि तरी हीच टेस्ट करायचा सगळ्यांना कंटाळा, कारण स्क्रू उघडायला लागतात.

मग परत डब्यात बसवून मीटर लावा. मोजायचं ते बोर्डावर, ॲडॉप्टरच्या तोंडाशी नाही, आणि गेम चालू असताना, मेनू स्क्रीनवर नाही. ४० पिनांच्या पट्टीवर ४ नंबरला ५ व्होल्ट आणि १४ नंबरला ग्राउंड मिळतो. प्रोब थेट पिनांवर टेकवू नका, हात घसरला आणि ५ व्होल्टची पिन शेजारच्या भलत्याच पिनेला लागली की बोर्ड गेला. दोन फीमेल जंपर वायर लावून त्यांच्या दुसऱ्या टोकांना मीटर लावा. आणि मीटरने ४.९ दाखवलं म्हणून लगेच खूश होऊ नका, साधा मीटर सरासरी दाखवतो, क्षणभराचा खड्डा त्याला दिसत नाही, बोर्डाला दिसतो. म्हणूनच मीटर आणि कमांड दोन्ही पाहिजेत.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. माझं मत विचाराल तर पहिलाच करा: जुनी पॉवर लाईन पूर्ण विसरा, डब्याला मागून छोटी खाच पाडा आणि असली ॲडॉप्टरची पिन आत घेऊन बोर्डाच्या स्वतःच्याच पोर्टात खोचा. मध्ये स्विच नाही, जोड नाही, डाग नाही. बाहेरून थोडं विद्रूप दिसतं, मागची बाजू कोण बघतो.

दुसरा मार्ग ज्यांना जुनंच सॉकेट वापरायचंय त्यांच्यासाठी: १२ व्होल्ट २ ॲम्पिअरचा एसएमपीएस ॲडॉप्टर आणि आत बक कन्व्हर्टर (१२ व्होल्टचे ५ करणारा), एलएम २५९६ वाला छोटा मॉड्यूल महाराणी रोडवर सहज मिळतो. चिपची मर्यादा ३ ॲम्पिअर सांगतात पण हीटसिंकशिवाय २ च्या आत ठेवा. बोर्डाला जोडण्याआधी मीटर लावून आउटपुट ५.१ वर सेट करा, त्याचा तो पितळी स्क्रू पुष्कळ फिरवावा लागतो, सुरुवातीला काहीच बदलत नाही म्हणून लोक मॉड्यूल खराब समजून परत करतात. मग १८ किंवा २० गेजच्या आखूड वायरने ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांना द्या, टोकाशी १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर उलटसुलट न करता लावा, क्षणभराचे खड्डे तो भरून काढतो. फक्त हे माहीत असू द्या की पिनांतून पॉवर दिली की मायक्रो यूएसबीच्या रस्त्यातला फ्यूज बाजूला राहतो, म्हणजे तुमची चूक अडवणारं कुणी नाही. ड्राय सोल्डर (नीट न चिकटलेला डाग) तर अजिबात चालणार नाही, वायर ओढून बघा, हलली तर परत डाग द्या.

राहिला समोरचा स्विच. इथे कार्ड खराब होण्याची गोष्ट येते, कारण जुन्या गेमची सवय म्हणजे खेळून झालं की खट् बंद. कॅसेटला काही होत नव्हतं, इथे आत लिनक्स चालतंय, कार्डावर लिहिता लिहिता लाईट गेली की फाईल सिस्टीम मोडते. आणि रेट्रोआर्क (रेट्रोपाय-बाटोसेराच्या आत एम्युलेटर चालवणारा प्रोग्रॅम) गेमचं सेव्ह डीफॉल्टने गेममधून बाहेर पडल्यावरच कार्डावर लिहितं, सरळ बंद केलं तर तुमचा सेव्ह गेला. (सेटिंगमध्ये सेव्हरॅम ऑटोसेव्हचा इंटरव्हल असतो, तो चालू करून ठेवा.) माझा सल्ला, रीसेटचं बटण कामाला लावा. ते दाबून सुटणारं असतं, त्याची एक वायर पट्टीवरच्या ५ नंबरला, दुसरी ६ नंबरच्या ग्राउंडला, आणि कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये 'डीटीओव्हरले=जीपीआयओ-शटडाउन' (dtoverlay=gpio-shutdown) ही ओळ. एकदा दाबलं की नीट शटडाउन, परत दाबलं की चालू. सरकणाऱ्या स्विचवर हवा तर पुढचा एलईडी लावा, माझ्या डब्यात तो स्विच नुसता शोभेचा आहे आणि घरी येणारा प्रत्येक पुतण्या-भाचा आधी तोच सरकवतो, काही बिघडत नाही.

पॅडचं थोडक्यात. जुने ओरिजिनल पॅड पिनांना जोडले असतील तर त्यांना ३.३ व्होल्टच द्या, ५ दिलेत तर डेटाच्या तारेतून ५ व्होल्ट बोर्डात शिरतात आणि त्या पिना ३.३ च्याच आहेत. आणि पॅडची वायर हलवली की मशीन बंद पडत असेल तर वरचं सगळं वाचायची गरज नाही, वायर डब्यात शिरते तिथे आत तुटून शॉर्ट होतेय, तेवढा तुकडा कापून नवीन जोड द्या.

गरमी. जुन्या डब्यांना खाली थोड्या फटी असतात, वर काहीच नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच पारा ४० च्या आसपास असतो. पाय ३ बी ८० डिग्रीला स्पीड कमी करायला लागतो, ३ बी प्लस तर ६० लाच पहिली मर्यादा घालतो. यात रीबूट सहसा होत नाही, गेम नुसता जड होतो, म्हणून व्होल्टेजच्या दोषाशी गल्लत करू नका. झाकण उघडं ठेवून फरक पडला तर हीटसिंक आणि कॅसेटच्या खाचेखाली छोटा ५ व्होल्टचा पंखा, ती खाच म्हणजे आयतं धुराडं आहे. पंख्याचाही करंट त्याच सप्लायमधून जातो हे मोजताना धरा.

आणि हे सगळं करूनही कमांडचं उत्तर शून्य आहे, पारा ठीक आहे, तरी रीबूट होतंच असेल, तर मग आता कार्डाकडे वळा. ते आधीच्या झटक्यांत जखमी झालेलं असू शकतं किंवा मुळातच नकली असतं, ६४ जीबी छापलेलं आणि आत ८. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ ने पूर्ण भरून तपासा, सेव्हचं आणि रॉमचं (गेमच्या फाईलींचं) फोल्डर आधी पेनड्राइव्हवर काढून घ्या कारण ही टेस्ट करायला कार्ड रिकामं करावं लागतं. पास झालं तर त्यावरच ताजी इमेज टाका, नापास झालं तर फेकून द्या. उपटलेला ७८०५ वाला जुना बोर्ड कचरागाडीच्या ई-वेस्टच्या खान्यात टाकला तरी चालेल, पण आधी त्याचे पॅडचे सॉकेट आणि रीसेटचं बटण काढून ठेवा, तसले आता नवीन मिळत नाहीत.